वरच्या खोलीची खोटी गरज

मी, कुलपे दुरुस्त करणारा आणि या दुमजली घराचा मालक, वय अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. हात थरथरतो, डोके थरथरत नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मुलाने लिहून आणले होते आणि मी न वाचता सही केली होती.

कलम १. बँकेतली ठेव मुलाला द्यावी. घर त्याला देत नाही. माझ्यामागे चारही भाडेकरूंना बाहेर काढून घर पाडायचा त्याचा बेत आहे. तो जिन्यावर फोनवर बोलत होता आणि माझे कान अजून शाबूत आहेत. त्याच्यावर माझा राग नाही. माणसांना घराबाहेर कसे काढतात हे त्याने माझ्याकडेच पाहिले.

कलम २. घर मुलीला द्यावे. मात्र कोणत्याही भाडेकरूला नोटीस धाडण्याआधी तिने स्वतः त्याच्या दारी जावे, बसावे, जे खुपते ते तोंडाने सांगावे आणि त्याचेही ऐकावे. जमले नाही तर दोघांना चालेल असा तिसरा माणूस मध्ये घालावा. करार साध्या भाषेत असावा, एक प्रत भाडेकरूकडे राहावी. छप्पर गळते असे कुणी सांगितले तर त्याच आठवड्यात माणूस चढवावा. एवढे करूनही कुणाला काढणे भागच पडले तर ते कोर्टामार्फत, खरे कारण लिहून, आणि घरात शाळेतली मुले असतील तर परीक्षा संपल्यावर. पोरी, तू म्हणशील, हे काय सांगायला हवे? मलाही सगळे कळत होते.

कलम ३. माझ्या कानशी, पकडी आणि चाव्या कापायचे यंत्र मागच्या खोलीतल्या वायरमनला द्यावे. अट एकच. भाडेकरू बाहेर गेला असताना त्याच्या दाराचे कुलूप या हत्यारांनी बदलू नये. दुसऱ्या मालकांच्या सांगण्यावरून मी हे काम सात वेळा केले. सातव्या वेळी आत दोरीवर ओले कपडे होते. त्यानंतर सोडले.

कलम ४. पाण्याच्या टाकीचा कॉक बंद करायची चावी माझ्या मेहुण्याला आठवण म्हणून द्यावी. "पाणी तोडा, आपोआप जातील," हा सल्ला त्याचा. तो मी मानला नाही. माझ्या बाजूने लिहिण्यासारखे एवढेच आहे.

कलम ५. वरची खोली. तिथे शिंपीणबाई एकोणीस वर्षे राहिल्या. एकट्याच, भाड्याला चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पत्नी गेल्यावर त्यांच्या मशीनचा आवाज मला सोसेना. ती आजारात पडून असताना माझ्या डोक्यावर तोच आवाज असायचा. बाईंना हे सांगायला बारा पायऱ्या चढायच्या होत्या. मी चढलो नाही. वकिलाकडे मात्र तीन रस्ते ओलांडून गेलो. तो म्हणाला, आवाजावर दावा टिकणार नाही; मुलाला राहायला खोलीची गरज आहे असे लिहू. मी शपथेवर तसे लिहून दिले. मुलाने खोली मागितली नव्हती.

कोर्टात बाईंना विचारले, मालकांची गरज खरी आहे का? त्या म्हणाल्या, "मालक कशाला खोटं बोलतील? गरज असेल म्हणूनच म्हणत असतील." न्यायाधीशांनी ते उतरवून घेतले आणि दावा मी जिंकला. ती खोली नऊ वर्षे बंद आहे. बाईंना तिथे हयातभर विनाभाडे राहण्याचा हक्क देत आहे.

कलम ६. गेल्या महिन्यात मी त्यांना शोधून काढले. धोबीखान्यामागे एक ओलसर खोली आहे. डोळे अधू झालेत, शिवण चालूच आहे. मशीनखाली गोणपाटाची जाड घडी होती. मी कशाला म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "शेजारीण पहिल्याच आठवड्यात येऊन बोलली, आवाजानं डोकं दुखतं. घातलं गोणपाट. सांगितल्याशिवाय कसं कळणार माणसाला?"

मी खोलीची किल्ली घेऊन गेलो होतो. सगळे कबूल करायचे ठरवूनच गेलो होतो. तेवढ्यात त्यांनी विचारले, "मुलगा रुळला का खोलीत?"

मी म्हणालो, "हो. रुळला."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी उपयोगी आली."

किल्ली तशीच परत आणली. ती या पाकिटात आहे. मुलीने ती देण्याआधी कलम पाच बाईंना मोठ्याने वाचून दाखवावे, एक शब्द न गाळता. ऐकून त्यांनी किल्ली घेतली नाही, तर आग्रह करू नये.

वरील मजकूर मी वाचला, माझाच आहे.

सही: घरमालक
साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर २. समोरच्या शाळेतल्या निवृत्त बाई
(आमच्या दोघांदेखत सही झाली. आम्हाला या घरातले काही मिळायचे नाही.)

ठिकाण: तळमजला, राहते घर
दिनांक: ११ मार्च