पंचवीस फुटांची पिवळी पट्टी

१ जुलै, लातूर
आणि वर दादा म्हणतो, मी पळालो! मग रानात राबून मला काय मिळालं, त्याचे टोमणे? माझ्या पायाला भिंगरी हाय म्हणे. हाय तर हाय. गावाकडं बिलोलीत नववी नापासाला पंख्याखालची नोकरी कोण देतं? इथं मिळाली. मेंदूच्या दवाखान्यात पेशंट चालवायचं काम. खोली झकास, नळाला पाणी दोन टाइम.

४ जुलै
इथं एम.एस.चे, म्हंजे मल्टिपल स्क्लेरोसिसचे पेशंट येतात. इथल्या डॉक्टर शिवानी मॅडमनी सांगितलं, या आजारात शरीरच आपल्या नसांवरचं वेष्टण कुरतडतं. फरशीवर पंचवीस फुटांची पिवळी पट्टी हाय. पेशंट तिच्यावरून चालतो, कॅमेरा बघतो, स्कॅनशी जुळवून कॉम्प्युटर सांगतो: काठी किती वर्षांनी लागंल, चाकांची खुर्ची किती वर्षांनी. मॅडम म्हणाल्या, अंदाज असतो, चुकतोबी. आज एका बाईला काठीला अकरा वर्षं आली. हसत गेली.
सकाळी कॅमेरा तपासायला मीच एकदा चालतो. नाव काहीबी टाकायचं, मग पुसायचं.

७ जुलै
काल दादाचा फोन. परत ये, न्हाईतर उंबऱ्यावर पाय ठेवू नको म्हणाला. डोकं फिरलं. आज त्याचंच नाव टाकलं, मन्मथ, वय चौतीस, अन् डावा पाय मुद्दाम फरफटत चाललो. लई हसलो. वर्षं न्हाई, दिवस आले. काठी: सहा. खुर्ची: पंधरा.
पुसलं न्हाई. राहू दे म्हटलं.

१३ जुलै
सहावा दिवस. मंजुश्री वहिनी फोनवर रडून राहिली. दादा बांधावरून पडला. डावा पाय उचलत न्हाई. शेजारच्या म्हाताऱ्याची काठी आणली.

१४ जुलै
दादाचं नाव पुसलं जात न्हाई. मॅडमना दाखवलं. त्यांना तिथं कुणाचंच नाव दिसलं न्हाई. म्हणाल्या, झोप घे.

१७ जुलै
दादाच्या नावानं सरळ चाललो. आकडा बदलेल वाटलं. निम्म्या पट्टीवर डावा पाय फरफटला. मी न्हाई फरफटवला —

२० जुलै
दादा आता शिव्या देत न्हाई. हळूच विचारलं, दया, माझ्या पायांनी कोण चालून राहिलंय रे.
मी फोन ठेवला.

२२ जुलै
पंधरावा दिवस. दादाला अंथरुणातून उठताच आलं न्हाई. अन् सकाळी कॉम्प्युटरवर माझं नाव — मी टाकलं न्हाई — खुर्ची: आज. भिंत धरून खोलीवर — आता दोन्ही पाय — वहिनीला सांगितलं, खुर्च्या दोन घे. मोबाईलवरून पाठवून राहिलो, रुपये तेरा हजार —