केदारतालचे चोवीस फोटो

१२ सप्टें. ८८, सोमवार. सिल्व्हासा
आज अकरा फोटो. अकराही स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर. पडद्यावर बर्फाचे डोंगर, निळं तळं, एक हंस. (हंस कसला, बदकच ते.) राखोलीच्या कारखान्यात नवा लागलेला एक जण आला होता, लग्नासाठी गावी फोटो पाठवायचाय. त्याची मान सरळ करत होतो, तर विचारतो, "भाऊ, हे तळं कुठलं?" ठोकून दिलं, काश्मीर. "तुम्ही जाऊन आले?"
म्हटलं, हलू नका. नऊ वर्षं लोकांना या पाण्यापुढे उभं करतोय. असं तळं खरंच असतं का, इतकं निळं असतं का, काडीची माहिती नाही. लाज वाटली.
संध्याकाळी पेडणेकर सर आले, पासपोर्ट फोटोला. इथल्या शाळेत भूगोल शिकवतात, मूळचे मालवणकडचे. दर वर्षी मुंबईच्या एका ग्रुपबरोबर पाठीवर बिऱ्हाड बांधून हिमालयात जातात. त्यांनाच विचारलं, तळं निळं असतं का? म्हणाले, "चला आणि बघा. या वेळी केदारताल. पितृपक्षात तुमच्याकडे तरी कोण येतंय फोटोला!"

१४ सप्टें.
गणपती बसले. दुपारी बायकोला, सुमनला सांगितलं. "पाणी बघायला हिमालयात? आपली दमणगंगा आटली का?" भांडी घासता घासता मग तीच, "स्वेटर तरी आहे का अंगात घालायला?"
म्हणजे होकार.

१७ सप्टें.
पे. सर पुन्हा येऊन गेले. ग्रुपचं डिसेंबरात मुंबईला फोटोंचं प्रदर्शन असतं. "तुम्ही एक द्या. चांगला असला तर लावतील. पण माणूस नको हां त्यात. नुसता निसर्ग." हसलो. हे काय अवघड?
घरी येऊन निगेटिव्हचे डबे उपसले. बारसं, साखरपुडा, मयत, पासपोर्ट. नऊ वर्षांत माणसाशिवाय एक फोटो नाही. एकही नाही! मग मला फोटोग्राफी येते, की नुसतं माणसांना सरळ उभं करता येतं? आता हे कळलंच पाहिजे. माणूस नसलेला एक फोटो, ज्याच्यापुढे कुणी तरी थांबेल. बास.

१८ सप्टें., रविवार
सराव. सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरून खानवेलच्या बसमध्ये बसलो. कंडक्टर म्हणाला, "शेठ, चोखा वेचवा जाव छो?" म्हटलं, हो बाबा, तांदूळच विकायला चाललोय. नदीकाठानं दोन तास चाललो. खांदे गेले कामातून. घरी आल्यावर सु.नं त्याच तांदळाचा भात लावला.

२६ सप्टें.
वापीहून गाडी. दोन भिंगांचा जुना कॅमेरा, चार रोल. रोलमध्ये बारा, म्हणजे अठ्ठेचाळीस. स्टुडिओ सु. बघेल. तसंही रिटचिंग तीच करते, चेहऱ्यावरचे देवीचे वण पेन्सिलीनं घालवते. लाइट लावायचे तेवढे शिकवून आलो.

१ ऑक्टो. भोजखरक
गंगोत्रीहून सकाळी निघालो. चढ, चढ, चढ. वाटेत एका जागी डोंगर सुटून दगड खाली येतात, तिथं एकेकट्यानं पळायचं. पळालो. भुर्जाची झाडं पाहिली, साल कागदासारखी सुटते. सुटलेला तुकडा वहीत ठेवलाय. फोटो शून्य. धाप लागली की कॅमेरा हलतो.

२ ऑक्टो. केदारखरक
डोकं दुखतंय. इथं आभाळाचा रंग इतका गडद का? पे. सरांनी कारण सांगितलं, दुखण्यात अर्धंच कळलं. परत विचारायचं. ग्रुपमधल्या सगळ्यांना आपापला फोटो हवा. "काढा ना, तुम्ही तर प्रोफेशनल." दोन रोल त्यातच गेले. हनुवटी खाली, जरा हसा. अरे, हेच करायला आलो का मी इथवर? आता कुणी मागितला तरी नाही देणार. राहिले चोवीस.

३ ऑक्टो. केदारताल
पोचलो दुपारी. तळं निळं नाही!! हिरवट आहे, थोडं दुधाळ. ढग आला की राखाडी, ढग गेला की परत हिरवं. ओंजळीत घेतलं तर स्वच्छ, रंगच नाही. मग रंग राहतो कुठं? पिऊन पाहिलं. दात ठणकले.
वाऱ्यानं पाणी हलतंय, प्रतिबिंब पडत नाही. उद्या सकाळी.

४ ऑक्टो.
साडेपाचला उठलो. बोटं वाकेनात. काठाला बर्फाची पातळ पापडी, दगड टाकला तर काचेसारखी वाजली. वारा बंद. समोरचं थलयसागर शिखर आख्खं पाण्यात. कॅमेऱ्यात वरून बघताना डावं-उजवं उलटं दिसतं, पाण्यात वर-खाली उलटं. दोन्ही एकदम पाहताना गरगरलं आणि हसू आलं. पांढऱ्या साडीला उजेड जास्त होऊ नये म्हणून जसं ॲपर्चर एक घर आवळतो, तसंच बर्फाला धरलं. बरोबर की चूक, देव जाणे.
पे. सर मफलर गुंडाळून आले. "माझा एक काढा हो, तळ्यासमोर." नाही म्हटलं. त्यांना लागलं असावं, पण तिथल्या तिथे बसून राहिले. चोवीसच्या चोवीस संपवले. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. (सु.नं हे वाचू नये.)

१० ऑक्टो. सिल्व्हासा
काल आलो. आज दुपारी दार लावून, पूर्ण अंधार करून रोल धुतले. दोरीला टांगल्या टांगल्या पाहिले. एकही बिघडलेला नाही! बर्फ बर्फासारखा, पाणी पाण्यासारखं. ओरडून सु.ला बोलावलं.

११ ऑक्टो.
घट बसले. चोवीसही छोटे छापून टेबलावर मांडले. सु. भिंग लावून एकेक बघत गेली. मी तिच्या तोंडाकडे. शेवटी म्हणाली, "छान आलेत. पण अहो, मधे जागा का सोडलीय?"
"कसली जागा?"
तिनं रिटचिंगची पेन्सिल उभी धरून दाखवली. डावीकडे खडक, उजवीकडे खडक, शिखर वर सरकवलेलं, डोक्याला लागू नये इतपत. आणि मधोमध, खालपासून दोन तृतीयांशापर्यंत, काही नाही. नुसतं पाणी. एक पूर्ण माणूस उभा राहील एवढं. दुसऱ्यात तेच. चोवीसच्या चोवीसांत तेच.
स्टुडिओत गिऱ्हाईक यायच्या आधी मी फ्रेम लावून ठेवतो, मधे जागा सोडून. तशीच लावली तिथं. चौदा-पंधरा हजार फूट चढून जाऊन.
तिच्यावर चिडलो. तिचा काय दोष? तिनं खरं तेच सांगितलं. जेवलो नाही.

१३ ऑक्टो.
पे. सरांना दाखवले. त्यांनाही दिसलं, मी बोट ठेवल्यावर. "मग मला उभं करायचं होतंत!" चिडवतात. नंतर गंभीर झाले: "कापा की. डावी बाजू ठेवा, खडक आणि थोडं शिखर. कोणाला कळतंय?" शनिवारी ते मुंबईला जाणार, तेव्हा प्रदर्शनाचा फोटो बरोबर देतो म्हटलं.
त्यातला एक कापून पाहिला. नीटनेटका आहे. कॅलेंडरवर असतात तसा. वाईट नाही. मोठाही छापला, आख्खा, तो दारामागच्या भिंतीवर वाळत लावलाय. सारखी नजर तिकडेच जाते. पोकळ दिसतो. खरं सांगायचं तर रडू येतं.

१४ ऑक्टो., शुक्रवार
गलोंड्याच्या कारखान्यातला एक कामगार आईला घेऊन आला, फोटोला. म्हातारी नवापूरकडची, पहिल्यांदाच सिल्व्हासाला आलीय. त्याला पडद्यासमोर उभं केलं, लाइट लावले, म्हटलं, आजी, या. आजी येईचना. दारामागच्या त्या फोटोपुढे उभी. डोक्यावरचा पदर धरून. मुलानं दोनदा हाक मारली. मला वाटलं, तिला बरं वाटत नाहीये.
मग मला विचारलं, "भाऊ, आठला माणूस कथा गया?"
म्हटलं, आजी, कुठं जाणार, इथं कुणी माणूस नव्हताच. नुसतं तळं आहे ते.
माझ्याकडे पाहिलं तिनं. खोटं बोलणाऱ्याकडे बघतात तसं. "मंग एवढी जागा कोनासाठी ठेवली?"
लाइट तापत होते, मुलगा घामाघूम. आजी मग आली, मुलाशेजारी उभी राहिली, पण मान सरळ करेना, डोळे परत परत दाराकडे. तशीच टिपली.
ती गेल्यावर दार लावून मी तिच्या जागी जाऊन उभा राहिलो. बराच वेळ. कोण गेलं असेल तिथून, किंवा कोण यायचं असेल, असं मलाच वाटायला लागलं. आणि फोटो काढताना तिथं तर मीच होतो.
पे. सर सकाळच्या गाडीनं जाणार. सु.नं मोठं पाकीट आणलं, आत पुठ्ठा घातला. दोन्ही फोटो तिच्यासमोर आहेत, कापलेला आणि आख्खा. "कुठला घालू?"
म्हटलं, थांब जरा.