उन्हाळ्याचं चित्र

गोंदिया,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. गजेंद्रास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. कॉलेजला दिवाळीच्या सुट्ट्या आहेत, खुशीची परीक्षा बरी गेली. भाऊबीजेला मला ताप होता, म्हणून येऊ नको म्हटलं. माय पोळ्यापासून माझ्याकडेच आहे. नातीचा लळा लागला तिला.

तुझा निरोप हर्षावहिनीने फोनवर सांगितला. गावच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईत, नाटकाचा पडदा उघडायच्या आधी, माझा सत्कार! शाल, श्रीफळ! का तर गावच्या लेकीनं तुझ्या राईस मिलचं गणित करून दिलं. वा रे भाऊ!

ते गणित तुला ओसरीवर बसून समजावलं होतं. गावावरच्या हवेचे लहान लहान डबे पाडायचे आणि कॉम्प्युटरने हिशेब करायचा, या डब्यात शेजारून काय आलं, पुढे काय गेलं. तू हसलास, "ताई, हवेची पण वाटणी करून राहिली का?" मीही हसले. मग तुझ्यासाठी दोन चित्रं काढली. हिवाळ्याच्या वाऱ्यात चिमणीची राख शेतांकडे जाते. उन्हाळ्यात वारा फिरतो आणि राख सरळ गावावर येते, आपल्या घरावर. मिल टेकडीपलीकडे बांध, असं मी बजावलं होतं. तू "हो ताई" म्हणालास.

आणि ग्रामसभेत एकच चित्र दाखवलंस. हिवाळ्याचं. खाली माझं नाव! लोक कुजबुजले, तेव्हा मायनेच पहिला हात वर केला म्हणे. "माह्या पोरीनं पाहिलं आहे, मंग भेव कायचं?" हे मला केशोकाकांनी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सांगितलं. दवाखान्यात.

हो, दवाखान्यात. ते मायला पाहायला आले होते.

मला ताप नव्हता, गज्या. तुला ओवाळायला हात उचलत नव्हता. आणि माय काही लळ्यासाठी राहिली नाही. उन्हाळी धान भरडलं जात होतं तेव्हा ती रोज तोंडाला पदर लावून अंगणातली काळी राख झाडायची. तुला बोल लागू नये म्हणून खोकला दाबायची. आता डॉक्टर म्हणतात, तिला त्या हवेत परत पाठवू नका.

काल नाकाला नळी असताना तिने मला जवळ बोलावलं. "प्रेमिला, तुहं गणित चुकलं का व?"

मी म्हटलं, "हो माय, चुकलं."

आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं, पण इतकं खोटं उत्तर कधी दिलं नाही. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे, होते असं." तुझं नाव मला सांगवलं नाही. तू तिचा लाडका. अरे, माझं नाव विकताना तुला काहीच कसं वाटलं नाही? मागितलं असतंस तर दागिने काढून दिले असते रे!

मंडईला मी येते. शाल घेणार नाही. माईक तुझ्या हातात असेल, तेव्हा उन्हाळ्याचं चित्र तूच दाखव आणि मिल बंद करतो म्हण. नाही दाखवलंस तर मी दाखवीन. मायपुढे तुझ्यासाठी चुकले, गावापुढे चुकणार नाही.

आणि मंडईच्या आधी एकदा दवाखान्यात ये. मायला खरं उत्तर तू सांग.

मायच्या लेखी चुकलेली,
तुझी ताई