डिकीचा डावा दांडा

उस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या गॅरेजच्या जागेवर उभं राहिलेलं कॉम्प्लेक्ससुद्धा आता जुनं दिसायला लागलं आहे, आणि मी आज तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "अबे, पाना धराचे हात तुये, पेन काहून धरून राहिला?" काय करू, विचारायला दुसरं कोणी नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणते, लोकांच्या घरचं लोकांना ठाऊक, आपण कशाला मधे पडायचं. पण मी तर पडून बसलो आहे. एका पोरीने माझ्याकडे एक गोष्ट मागितली आहे. ती द्यावी तर तुम्ही शिकवलेलं सगळं मातीत जातं, आणि न द्यावी तर एक माणूस हातचा जाईल अशी भीती वाटते.

तुमचं शिकवणं तरी काय होतं म्हणा! समोर बसवून तुम्ही कधी काही सांगितलं नाही. एका रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो, काकूंनी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली होती. रस्त्यावरून ट्रक गेला की फळीवरचा एक डबा झणझणायचा. काकूंनी उठून डब्याखाली कागदाची घडी सारली, आवाज बंद. तुम्ही तोंडात घास असतानाच उठलात, तो कागद काढून फेकलात, फळीखाली बोटं फिरवलीत आणि सुटत आलेला खिळा खलबत्त्यातल्या बत्त्यानं ठोकून बसवलात. काकू चिडल्या, "एवढ्याशा डब्यापायी भाकर गार केली माणसानं!" तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणालात, "आवाज बंद नाई कराचा. आवाज कोठून येते ते पाह्याचं." मग काकू दिवसभर तुमच्याशी बोलल्या नाहीत, आणि चहा मलाच करावा लागला.

दुसरी तुमची रीत म्हणजे मालकाला मागे झोपवायची. खडखडीची गाडी आली की तुम्ही स्टेअरिंगवर बसायचात आणि ज्याची गाडी त्याला मागे आडवं पाडायचात, मग तो पांढऱ्या सफारी सुटातला असो की कोणी असो. "गाडी मी चालोतो, तुमी मांगं पडा अन् कान लावा." लोक कुरकुर करायचे, कपडे झटकायचे, पण बडनेऱ्याकडच्या खराब रस्त्यावरून एक चक्कर मारून आले की वाद घालत नसत. स्वतःच्या कानाने ऐकलेलं माणूस नाकारत नाही असं तुमचं म्हणणं. मी ती रीत आजपर्यंत सोडलेली नाही. हल्ली गिऱ्हाईक हसतात, मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढतात, तरी पडतात बिचारे.

तर मागच्या महिन्यात अंजनगाव सुर्जीहून एक मोठी गाडी आली. फुलांची शेती करणारं घर, झेंडू आणि शेवंती अमरावतीच्या बाजारात आणणारं. गाडी एक कॉलेजातली पोरगी चालवत होती आणि मागच्या सीटवर तिचे मोठेबाबा बसले होते, म्हणजे बापाचा मोठा भाऊ. दोघं उतरले आणि गाडीच्या दोन टोकांना जाऊन उभे राहिले. गाडी विकायची म्हणाले, पण डिकी बिघडलेली असल्यामुळे गिऱ्हाईक टिकत नाही. तुमच्या वेळी डिकी हातानं उचलावी लागे, उस्ताद. आता किल्लीवरचं बटन दाबलं की ती आपली आपण वर जाते, पुन्हा दाबलं की खाली येते. दोन बाजूंना दोन दांडे असतात, त्यांच्या आत मोटर आणि जाडजूड स्प्रिंग. सगळं वजन ती स्प्रिंग पेलते. या गाडीची डिकी आधी अर्ध्यावर जाऊन थांबायची, पीं-पीं करायची आणि परत फिरायची. अकोल्याच्या एका गॅरेजात कॉम्प्युटर लावून मोटर गेली म्हणून सांगितलं होतं. यांनी ती बदलली नव्हती.

मी सहज विचारलं, कोणाला लागलं वगैरे नाही ना? मोठेबाबा पोरीकडे न बघता म्हणाले, "लागलं नाई भाऊ, गेली. मायी बायको गेली. दसऱ्याच्या आंधी झेंडूचे क्रेट ठेवून राहिली होती आत वाकून, अन् हिनं बटन दाबलं." किल्ली पोरीच्या हातात होती, ती सगळ्यांनी पाहिली होती. डिकीची कड मानेवर बसली आणि बाई दवाखान्यात शुद्धीवर आल्याच नाहीत. पोरगी खाली मान घालून चपलेने जमीन उकरत होती. "मी नाही दाबलं," एवढंच म्हणाली, तेसुद्धा इतक्या सवयीनं की कोणी ऐकेल अशी तिची अपेक्षाच नसावी. तिचं अमरावतीचं कॉलेज घरच्यांनी बंद केलं होतं. घरात कोणी तोंडावर बोलत नव्हतं, पण तिने वाढलेलं ताट मोठेबाबा बाजूला सारत होते. वीस-एकवीस वर्षांची पोर, उस्ताद, आणि आयुष्यभर हेच डोक्यावर घेऊन फिरणार.

पोरगी बाहेर बाकावर जाऊन बसली आणि मी कामाला लागलो. आधी किल्लीचं बटन दाबलं, डिकी हलली नाही. स्कॅनर लावला, तर पॉवरच बंद. समोरच्या खणात एक बारीक बटन असतं, ते बंद केलं की डिकीची मोटर झोपते आणि मग ती फक्त हातानं उघडते. ते बंद होतं. मी म्हटलं, हे कोणी बंद केलं? मोठेबाबा म्हणाले, "मीनंच. लय पीं-पीं करे ते." केव्हा? "झेंडूच्या सीझनच्या आंधी," म्हणाले आणि खण लावून टाकला. मी किल्ली त्यांच्यासमोर धरून पुन्हा दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. ते बटन बंद असताना किल्ली दिवसभर दाबत बसलं तरी डिकी खाली येत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला समजलं की ही गोष्ट त्या माणसाला आज पहिल्यांदा कळत नव्हती.

मग मी दांडे पाहिले. उजवा साधा होता. डाव्या दांड्यावर मात्र सायकलची जुनी ट्यूब कापून, पट्ट्या ओढून ओढून गुंडाळल्या होत्या, आणि खाली पोत्याचा तुकडा होता, वरून फुलांच्या जुड्या बांधायच्या सुतळीने आवळलेला. इतकं नीट काम की काय सांगू. मी कात्रीनं ते कापलं, दांडा हलवला, आणि आत खुळखुळ वाजलं. स्प्रिंग तुटून तिचे दोन तुकडे आत फिरत होते. तुटलेल्या कडेवर जुना गंज होता, म्हणजे तुटून बरेच दिवस झालेले. अंजनगाव ते अमरावती रोज ती वाजत असणार, सांगत असणार की बाबा, मी गेले, आता सगळं वजन एकट्या उजव्यावर आहे. या माणसानं तिला गोधडीत गुंडाळल्यासारखी गुंडाळून टाकली. आवाज बंद झाला, आणि एका सकाळी उजवा दांडा एकट्याने पेलता पेलता सुटला.

मोठेबाबा माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, नवीन दांडे टाकून दे. बाकीचं आमच्या घरचं हाये." मी म्हटलं, आणि ती पोरगी? ते म्हणाले, "पोट्टी हाये. लग्न होऊन जाईन, इसरून जाईन." उस्ताद, माझं डोकं फिरलं. तुम्हाला ठाऊक आहे माझं डोकं कसं आहे. मी म्हटलं, चला, बसा गाडीत. पोरीला हाक मारून माझ्या बाजूला पुढे बसवलं आणि त्या माणसाला मागे आडवं पाडलं, अगदी तुमच्या रीतीनं. गाडी मी तिवशाच्या बाजूला खराब पट्ट्यावर घातली. पहिल्याच खड्ड्याला मागून खुळखुळ सुरू झाली. मी मुद्दाम हळू चालवली. मग मोठ्यानं, पुढे बघत, सगळं सांगितलं: बटन बंद होतं, किल्लीचा काही संबंध नव्हता, स्प्रिंग आधीच तुटली होती, आणि ती ओरडत होती तर तिचं तोंड कोणी बांधलं. मागे तो माणूस पडल्या पडल्या रडायला लागला. मोठा माणूस असा रडताना मी आमच्या बापाच्या वेळेनंतर ऐकला नव्हता. आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं, न्याय केल्यासारखं.

पोरीनं मागे वळून पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत आभार-बिभार काही नव्हतं. गॅरेजवर परतल्यावर मोठेबाबा नळावर तोंड धुवायला गेले तेव्हा ती दात-ओठ खात म्हणाली, "काका, तुमाले कोणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, अगं, तुझ्यावरचा आळ गेला ना! ती म्हणाली, "मले मालूम होतं. मोठेबाबानं ते बटन बंद केलं तेव्हा मी बाजूलेच बसली होती. ट्यूब गुंडाळली तेव्हा कात्री मीच दिली त्याईले. मी का मुकी हाये? बोलता आलं असतं मले." मग तू बोलली काहून नाहीस? "मोठीआई गेली तशी मोठेबाबा रात्रंदिवस म्हणत होते, कोणी मारलं, कोणी मारलं. मायं नाव घेतलं तेव्हा शांत झाले, जेवले. माया नावानं माणूस जेवते तं जेवू द्या म्हटलं." लहानपणी आई शेतात असायची तेव्हा हिला त्याच दोघांनी कडेवर वाढवलेलं, हेही तिनेच सांगितलं, आणि ओढणीनं तोंड पुसून बाहेर बाकावर जाऊन बसली.

तुम्ही मला आवाज शोधायला शिकवलंत. खिळा सापडला की ठोकायचा, स्प्रिंग तुटली की बदलायची, गिऱ्हाईक खुश. पण फळीचा खिळा ठोकल्यावर काकू दिवसभर बोलल्या नव्हत्या, त्याचं काय करायचं ते तुम्हालाही कुठे ठाऊक होतं? रागावू नका. मला तुमच्यावर चिडावंसं वाटतं म्हणून लिहितो आहे. माणूस मेलेला असला की त्याच्यावर चिडणं सोपं जातं.

परवा तिचा फोन आला. त्या दिवशी गाडी दांड्यांसाठी माझ्याकडेच ठेवून ते एसटीनं गेले, आणि घरी जाऊन मोठेबाबांनी सगळ्यांपुढे स्वतः सांगितलं म्हणे. आता घरातले सगळे तिच्याशी गोड बोलतात, कॉलेजचंही पुन्हा निघालं आहे. "मले नाही पाहिजे ते," म्हणाली. मोठेबाबांनी अन्न सोडलं आहे. शेतात जात नाहीत. विहिरीवर जाऊन बसतात, आणि तिचा बाप दिवसभर कामधाम सोडून त्यांच्यामागे फिरतो. "काका, तुमी या. ते तुमचं कॉम्प्युटर घेऊन या. त्यात काही बी दाखवा, त्याईले इंग्रजी वाचता येत नाही. सांगा का मोटरनंच ओढली होती, बटन बंद असलं तरी कधी कधी असं होते. दांड्याचा संबंध नव्हता. तो डिकी पडल्यावर तुटला. सांगा का तुमची चूक झाली." मी म्हटलं, पोरी, मग तुझं काय? ती म्हणाली, मोटर म्हटलं की कोणाचंच नाव येत नाही ना.

तिनं किती विचार करून ठेवला आहे पहा. आणि मोठेबाबा मानतील का? मला वाटतं मानतील. बुडणारा माणूस काय धरतो ते विचारत बसत नाही. त्या गाडीचे नवे दांडे आले, ते बसवले, आणि जुना तुटका दांडा मी काल भंगारवाल्याला देऊन टाकला, म्हणजे कोणी पाहायला मागितलं तर दाखवायला नको. उद्या सकाळी मी अंजनगावला निघतो आहे. बायकोला गाडी पोचवायला जातो असं सांगितलं आहे.

आज दुपारी गॅरेजात कोणी नव्हतं. मी त्यांच्याच गाडीत बसलो, काचा वर केल्या आणि काय सांगायचं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. पहिल्यांदा अडखळलो. दुसऱ्यांदा आवाज चोरट्यासारखा आला, लहान पोरानंही पकडला असता. मग तुमच्यासारखं म्हणून पाहिलं, तसंच खेकसून, तसंच समोरच्याच्या डोळ्यांत बघून: "अबे, मी पाह्यलं ना मशीन लावून! मोटरनंच ओढली, तुया काई दोष नाई." उस्ताद, तुमच्या आवाजात ते मलाही खरं वाटलं.