सरावाच्या यानाचं दार

सोम. १२ मार्च १९८४, सांता क्लारा
यान आलं एकदाचं! माणसं पहिल्यांदा अंतराळात जाऊ लागली त्या काळातलं, एकाच माणसाचं. उडालेलं नाही, सरावाचं. शनिवारपासून आमच्या म्युझियममध्ये मुलांना आत बसायला मिळणार. मी बसून पाहिलं, गुडघे थेट छातीशी. शाळा सुटल्यावर मीनलला आणलं. नऊ वर्षांची, आरामात मावली. दार ओढून घेतलंन, हँडल सोडेचना. "आई, फाइव्ह मोअर मिनिट्स!"

मंगळ. १३
गंज कुठवर गेलाय बघायला दाराचा एक्स-रे काढला. कडेनं फिरणारी बारीक नळी रिकामी हवी होती. भरलेली दिसतेय.
खरं यान समुद्रात उतरल्यावर दार उडवून झटकन बाहेर पडता यावं म्हणून या नळीत स्फोटक भरत. सरावाच्या यानात कशाला असेल, असं सगळेच धरून चाललो. पुन्हा फिल्म काढली. तेच.
काल मीनल...

बुध. १४
डायरेक्टरना फिल्म दाखवली. "वीस वर्षांपूर्वीचं आहे. आता काय उडणार?"
म्हटलं, "सोमवारी माझी मुलगी आत बसली होती."
"आणि काही झालं नाही."
शनिवारचा कार्यक्रम कॅन्सल होणार नाही. वर, "तुमचं ग्रीन कार्ड आमच्यामार्फत चाललंय ना?" हसत म्हणाले.
घरी सुधीरला सांगितलं. आधी म्हणाला, "जरा दमानं घे, कार्ड हातात येऊ दे." मग आपलीच मुलगी आत बसली होती हे कळलं. ताटावरून उठला. बाल्कनीत गेला. आत आला तो एवढंच म्हणाला, "फोन कर."
अंतराळात गेलेली ती माणसं असल्या दाराला खेटून बसायची. माहीत असून.

गुरु. १५
सकाळी फायर डिपार्टमेंटला फोन केला. स्वतःचं नाव सांगितलं.
दुपारी रस्ता बंद, सगळे बाहेर. डायरेक्टर समोरच्या फुटपाथवर, माझ्याकडे बघत नाहीत. स्फोटकं निकामी करणाऱ्या पथकातला, जाड सूट घातलेला एक पोरगेलासा माणूस फिल्म बघून मला म्हणाला, "मॅडम, तुमची खात्री आहे?"
"नाही," म्हटलं. "म्हणूनच फोन केला."
मान हलवून आत गेला. मी गाडीत बसून लिहितेय. काच खाली केलीय, काहीच ऐकू येत नाही.
अजून आतच आहे तो.