बाबा, ताठ बसा

बाबा, आज सकाळी नाम लागलं. गंमत नाही हो, खरंच लागलं. तीस वर्षांच्या वर झाली, मी लोकांना पाठीचा कणा सरळ ठेवायला शिकवते, स्वतःही तशीच बसते, आणि डोळे मिटले की मला गॅस बंद केला की नाही तेवढंच आठवतं. आज पालघरच्या माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तांदूळ निवडत होते. डाव्या पायाला मुंग्या आल्या म्हणून गुडघा उभा घेतला, हनुवटी त्याच्यावर टेकली, पाठीची पार कमान झाली. सुपातले खडे शोधता शोधता आत राम राम सुरू झालं. मी सुरू केलं नव्हतं. तांदूळ संपले तरी चालूच. दूधवाला बेल वाजवून कंटाळून गेला, कुकर लावायचा राहिला, आणि घड्याळ बघितलं तर पाऊण तास गेलेला. उठताना कळलं की मी अगदी तुमच्यासारखी बसले होते. कुणाला सांगू, कुणाला सांगू असं झालं, आणि ज्यांना सांगायचं ते तर कधीच गेले. मग आता रात्री वहीच ओढली.

तुमची बैठक मला आजही हुबेहूब दिसते. वाणगावजवळच्या आपल्या घराची पडवी, खाली गोणपाट, पुढ्यात लाकडाचा ठोकळा, त्यात पकडलेला पोलादाचा तुकडा. त्या तुकड्यात छिन्नीने नक्षी खोल कोरायची, की झाली दागिन्याची डाय. मुंबईचे कारागीर तिच्यावर पत्रा ठोकून कानातली काढायचे, मंगळसूत्राच्या वाट्या काढायचे. तुमचा उजवा पाय दुमडलेला, डावा गुडघा छातीशी, डोळ्याला भिंग, नाक जवळजवळ पोलादाला लागलेलं. हातोडीचा एक ठोका आणि ओठांत एक राम. ठोका हलका तर राम हलका. आई म्हणायची, ह्या माणसाला हाक मारायची तर चार रामांनंतर मारावी, त्याआधी ऐकू येत नाही. तुम्ही कधी देवळात जाऊन तासभर बसलात असं मला आठवत नाही. तेवीस-चोवीस वर्षं ती पडवी आणि ते गोणपाट, एवढंच.

आणि भांडणाचा तुमचा तो कायदा! आपल्या घरात उभ्यानं भांडायला बंदी होती. आई आणि काकूची एकदा सुक्या बोंबलांवरून जुंपली. मांजरानं खाल्ले की काकूनं कुणाला देऊन टाकले, असा काहीतरी प्रश्न होता. दोघी अंगणात उभ्या, हात कमरेवर, आवाज पार रस्त्यापर्यंत. तुम्ही भिंग न काढताच म्हणालात, "आधी बसा दोघी. उकिडव्या बसा, मंग भांडा. उकिडवं बसलं का राग पोटात दुमडतो." दोघी फणफणत बसल्या. दोन वाक्यं झाली, तिसऱ्याला काकूला हसू फुटलं आणि आईनं तोंडाला पदर लावला. मी हे माझ्या योगाच्या वर्गात अजून करून दाखवते. रागावलेल्या माणसाला उकिडवं बसवायचं आणि म्हणायचं, घाल आता शिव्या. नाही जमत हो बाबा, कुणालाच जमत नाही! अंगाच्या बैठकीवर मनाची बैठक असते हे मला तुमच्या पडवीत कळलं होतं, आणि मी शहाणी ते शिकायला बोईसरला गेले.

तेव्हा मी बावीस वर्षांची. बोईसरच्या औषधांच्या कारखान्यात गोळ्या पाकिटात भरायचं काम, आणि सुटल्यावर जवळच्या वसाहतीत योगाचा वर्ग. शिकवणारे सर फार शिस्तीचे. वर्षभरात मी पुढच्या रांगेत गेले, मग नव्या लोकांना हात लावून सरळ करायचं काम माझ्याकडे आलं. काय तो रुबाब माझा! आणि त्या रुबाबात मी एका रविवारी तुम्हाला घेऊन गेले. तुम्ही धुतलेला पांढरा लेंगा घालून आलात, शेवटच्या रांगेत बसलात, आपल्या सवयीनं गोल होऊन. सरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गेले, सगळ्यांच्या देखत तुमच्या पाठीवर तळवा दाबला आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबा, ताठ बसा. अशानं ध्यान लागत नसतं." कुणीतरी मागे हसलं. तुम्हीही हसलात आणि ताठ बसलात. घरी येताना गाडीत मला विचारलंत, सर तुझ्यावर खूश आहेत ना. मी हो म्हटलं.

पुढचं मला वाटलं नव्हतं. तुम्ही घरीही ताठ बसायला लागलात. ठोकळ्याखाली चार विटा रचल्या, त्यावर पाट, म्हणजे काम उंच येईल आणि वाकायला नको. मंगळसूत्राच्या वाट्यांची एक डाय व्यापाऱ्यानं परत पाठवली, एका वाटीची किनार जाड आली म्हणून. तुमचं काम परत आलेलं आईनं पहिल्यांदा पाहिलं. त्या संध्याकाळी तुम्ही मला पडवीत बोलावलंत. लेकीकडे काही मागताना बाप जसा दुसरीकडे बघतो तसं अंगणात बघत म्हणालात, "पोरी, नाम सुटलंय. ताठ बसलो का येतच नाय." आणि मी काय म्हणाले असेन? सवय होईल, म्हणाले. सरांनी सांगितलेलं तसंच्या तसं बोलून दाखवलं, श्वास, कणा, सगळं. तुम्ही मान हलवत ऐकलंत.

आज मला कळतंय की तुमचं बरोबर होतं! सकाळी तांदळावरून उठले ती तडक वर्गात गेले. म्हटलं, आज आसन नाही. आज तुमच्या घरचं माणूस काम करताना जसं बसायचं तसं बसा. कोळीवाड्यातली एक बाई मासे कापायला बसते तशी बसली. केळव्याचे एक आजोबा माडाच्या झावळ्या विणायला बसल्यासारखे बसले. एक जण म्हणाला माझे वडील उभ्यानं मशीन चालवायचे, तो उभाच राहिला. पंधरा मिनिटं चिडीचूप. केळव्याच्या आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना लागलं असं नाही, एक जण चक्क घोरला, पण बाबा, मला नाचावंसं वाटत होतं. ताठ कणा खोटा नाही. कितीजणांना त्यानं उभारी आलेली मी पाहिली आहे. पण तुमच्या अंगानं तेवीस वर्षं घालून आपली वाट केली होती, आणि तिच्यात मी तळवा घातला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? वहीतच राहील. म्हणून राहिलेलं एक सांगून टाकते. त्या वर्षी एकदा कारखान्याची वीज गेली आणि मी दुपारीच घरी आले. कुंपणाशी पोहोचले तर आतून ठोका आणि राम, ठोका आणि राम. विटा बाजूला काढलेल्या, तुम्ही पहिल्यासारखे गोल होऊन कोरताय, चेहरा इतका निवांत की मी तिथेच थांबले. मग माझी चप्पल वाजली. तुम्ही दचकून ताठ झालात, घाईनं विटा सरकवल्यात, ओठ मिटलेत. मी काही न बघितल्यासारखं आत आले. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत, मी रोज फाटकाची कडी दोन-तीनदा वाजवूनच अंगणात यायचे. तुम्ही आईला म्हणायचात, ही पोरगी केवढा आवाज करते. मी मुद्दाम करायचे बाबा, तुम्हाला ताठ व्हायला वेळ मिळावा म्हणून. तसेच बसा, एवढं मात्र मला कधी म्हणवलं नाही.