कुलंटची टाकी आणि राजूरची बदली

४ जून, गुरुवार
सकाळी पार्किंगमध्ये हिरवं पाणी. सत्यशीला म्हणाली, आपल्या गाडीतून गळतंय. मी म्हटलं, शेजारच्या कल्याणरावांच्या गाडीतून असेल. ती म्हणाली, कल्याणरावांकडे गाडी नाही.
विषय तिथेच थांबवला.

६ जून, शनिवार
बॉनेट उघडलं. कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीला खालून चीर गेलीय. अजिनाथ मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, टाकी बदला. या लोकांना बदलण्यापलीकडे काही सुचत नाही. विम्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला कुणी असं सहज घाबरवू शकत नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. पुट्टी लावली की काम झालं.
सत्यशीलाला मुख्याध्यापिकेचं प्रमोशन मिळालंय. शाळा राजूरची, पार डोंगरात. सोमवारी, पंधराला हजर व्हायचंय. तिला सांगितलं, रविवारी मी स्वतः सोडणार. पुढे दर शनिवारी आणायला येणार, सोमवारी पहाटे परत सोडणार. ती साड्यांच्या घड्या घालत राहिली. भारावली असावी.

७ जून, रविवार
टाकी काढली, धुतली, पुट्टी लावली. कुलंट पातेल्यात काढून ठेवलं होतं. ते दुधाचं पातेलं निघालं. त्यावरून बरंच ऐकून घेतलं. टाकीच्या यशाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

९ जून, मंगळवार
पुन्हा थेंब. हे आधीचं कुठेतरी साचलेलं पाणी असणार.
पुण्याहून राजनंदिनीचा फोन. आईनं कान भरलेले. पप्पा, टाकी बदला ना! इंजिनिअरिंगला घातलेल्या मुलीनं दुरुस्तीवरचा विश्वास असा सोडावा, याचं वाईट वाटलं.

११ जून, गुरुवार
पुट्टीचा दुसरा थर. जाड झाला. आता टाकीवरच्या खुणा दिसत नाहीत, त्यामुळे पाणी किती कमी झालं ते कळत नाही. काळजी बरीच कमी झाली.

१२ जून, शुक्रवार
अजिनाथचा फोन. नवी टाकी आलीय, बाजूला ठेवू का? म्हटलं, दुसऱ्या कुणाला लाव.
संध्याकाळी सत्यशीलानं विचारलं, एसटीनं जाऊ का? वाईट वाटलं. नवरा कशाला असतो मग? दमलोय. लवकर झोपणार.

१४ जून, रविवार
निघालो. मागे गादी, शेगडी, भांडी, तिची पुस्तकं. राहुरीपर्यंत गाडी छान. मी तिला तसं दोनदा सांगितलं. राहुरी मागे पडली आणि तापमानाचा काटा लालवर गेला. बॉनेटमधून वाफ. मी टाकीचं झाकण उघडायला गेलो, तिनं हात धरला. "भाजाल!"
लिंबाखाली बसलो. इंजिन निवल्यावर प्यायचं पाणी टाकीत ओतलं. वरून ओतावं, खालून जावं.
ती खालून गळणारी धार बघत होती. मग म्हणाली, "अहो, तुम्हाला मला न्यायचंय का नाही?"
"म्हणजे काय? नेतोच आहे ना!"
"मी जाऊ नये असं वाटत असेल तर तसं सांगा. टाकीला मधे घालू नका."
हे अगदीच चुकीचं. मी वाकून गळती नीट बघायला लागलो.
तिनं कांद्याच्या टेम्पोला हात केला. ड्रायव्हर म्हणाला, "बसा की म्याडम, आमी संगमनेरलाच चाललोय. सामान टाकू मागं, लई न्हाई." तिथून पुढे राजूरला एसटी. टेम्पोत मलाही जागा होती. पण गाडीजवळ कुणीतरी हवंच.
टेम्पो हलला तेव्हा ती ड्रायव्हरशी काहीतरी बोलत होती. हसत होती.

१५ जून, सोमवार
अजिनाथनं काल गाडी ओढून आणली, आज टाकी बदलली. मी चहा पिऊन आलो तोवर झालंसुद्धा. आपल्या पुट्टीबद्दल तो काहीच बोलला नाही. हे जास्त लागलं.
सत्यशीलाचा फोन. हजर झाली. शाळेजवळच खोली मिळालीय, खिडकीतून डोंगर दिसतो. शेजारच्या भागिरथीबाईंनी भाकरी दिली. आवाज मोकळा वाटला. म्हटलं, शनिवारी येतो, गाडी तयार आहे. ती म्हणाली, या शनिवारी नको, प्रवेशाची गडबड आहे. पुढच्या शनिवारचं कळवीन.
कामाचा ताण असणार.

२० जून, शनिवार
संध्याकाळी सहज इथल्या तारकपूर स्टँडवर जाऊन आलो. राजूरकडची, अकोल्याची एसटी आली. सगळे उतरेपर्यंत थांबलो. माझं तिथे काही काम नव्हतं.
घरी आल्यावर तिचा फोन. जेवलात का? म्हटलं, हो. जेवलो नव्हतो. मग काय झालं कुणास ठाऊक, म्हणून गेलो, "तू जाऊ नये असंच वाटत होतं मला."
पलीकडे खरखर. "हॅलो? हॅलो? काय म्हणालात? इथे रेंज नाही हो नीट."
"काही नाही. गाडी एकदम ओके आहे म्हटलं."
हे मात्र तिला स्वच्छ ऐकू आलं. म्हणाली, "बरं."